आईची तीन झाकणं आणि चार अलॉय व्हील्स

गेल्याच्या गेल्या रविवारी आमच्या परदेशीपुऱ्याच्या घरातून आईची ॲल्युमिनियमची तीन झाकणं थेट गच्चीवर पोचली. वाळत पडलेली, तीन वेगवेगळ्या रंगांत.

झालं असं, की महूच्या मामांनी त्यांची जुनी गाडी बाबांना दिली. कापडाची मिल बंद झाल्यापासून तीन वर्षं बाबा मिळेल ते काम करताहेत... आता एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे ऑफिसच्या लोकांची ने-आण करायला ती लावून स्वतःच चालवायची होती. त्यांचा मॅनेजर पुढच्या सोमवारी गाडी बघायला येणार होता.

इंजिन झकास. पण मामांनी कधीकाळी हौसेने बसवलेली अलॉय व्हील्स, म्हणजे ॲल्युमिनियमची चाकं... जुन्या रंगाचे पापुद्रे निघालेले, मधेच पांढरे डाग, जणू कुणी चुना उडवलाय.

रंग निवडायचं काम मी अंगावर घेतलं. घरातली पहिली ग्रॅज्युएट, त्यात केमिस्ट्रीवाली... एवढं तर यायलाच हवं ना! सायबर कॅफेत बसून वाचलं, की ॲल्युमिनियमवर रंग सहज धरत नाही, आधी घासायचं, मग प्रायमर, मग रंग. ब्रेकमुळे व्हील चांगलंच तापतं, हेही तेव्हाच कळलं.

बड़ा गणपतीच्या देवळाजवळच्या दुकानदाराने तीन रंग पुढे ठेवले. एक चकचकीत सिल्व्हर स्प्रे, एक लोखंडी फाटकाला मारतात तो चंदेरी, आणि एक बाइकच्या इंजिनाला मारायचा काळपट राखाडी. माझा जीव सिल्व्हरवर जडला... बाबा म्हणाले, "तीनों का छोटा डब्बा दे दो. सँपल बनाऊँगा."

दुकानदार हसायला लागला. "अरे भिया, गाड़ी रंग रिये हो के साड़ी?"

त्याला काय माहीत... बाबा बावीस वर्षं मिलच्या रंगखात्यात होते. कापडाचा रंग पक्का बसलाय की नाही, हे तपासायचं त्यांचं काम. मला हे माहीत होतं, पण ते नेमकं करायचे काय, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

व्हील ॲल्युमिनियमचं म्हणून सँपलही ॲल्युमिनियमवरच घ्यायचं, ही माझी कल्पना. आई ओरडली, "बापलेकीला माझीच झाकणं दिसली का?" पण तिनेच ती घासून दिली.

बाबांनी तिन्ही झाकणं रंगवली, उन्हाने रंग किती उडतो ते कळावं म्हणून प्रत्येकाचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला आणि ती चार दिवस उन्हात ठेवली. मला रंग बघायची घाई... ते म्हणायचे, ओला रंग खोटं बोलतो. आणि बघायचं ते भर उन्हात नाही, उत्तरेच्या खिडकीपाशी, तिथला उजेड दिवसभर सारखा असतो. मिलमध्ये तशा खिडकीला कुणी पडदासुद्धा लावू देत नसत म्हणे!

पाचव्या दिवशी पुठ्ठे काढले, उन्हात एकही रंग उडाला नव्हता. साबण-सोड्याच्या गरम पाण्यात धुणं झालं. मग कोरडं पांढरं फडकं दाबून दहा वेळा घासणं... फाटकाच्या रंगाने फडकं चंदेरी झालं. एक बाद.

मग बाबांनी इस्त्री तापवली. मी म्हटलं, बाबा, हे कापड नाहीये! ते म्हणाले, "तूच म्हणालीस ना, चाक तापतं?" झाकणावर फडकं, फडक्यावर गरम इस्त्री. उचलून बघतो तर माझ्या लाडक्या सिल्व्हरवर फडक्याची वीण न् वीण छापलेली... राखाडी मात्र जसाच्या तसा.

तरी मी भांडले. हा मेलेला रंग लावून गाडी अजून जुनी दिसेल, आणि मॅनेजर दारातूनच परत जाईल... बाबा एवढंच म्हणाले, "चमक सोमवारपुरती हवीय की वर्षभर?"

शुक्रवार-शनिवार आम्ही दोघं व्हील्स घासत, प्रायमर आणि राखाडी रंग मारत बसलो. टायरला रंग लागू नये म्हणून कडेने अख्खा पत्त्यांचा कॅट खोचला. नाकात राखाडी धूळ, आणि मनात धाकधूक.

सोमवारी मॅनेजर आला. कागद बघितले, हॉर्न वाजवला, मागच्या सीटवर बसून उठला. मग म्हणाला, "अंकल, गाड़ी तो साफ है, पर मॉडल बहुत पुराना है. मुश्किल है..." सिल्व्हरच लावायला हवा होता, असं मला वाटून गेलं.

जाता जाता तो चाकापाशी थबकला, वाकला, नखाने खरवडून बघितलं. "पहिये नए डलवाए?"

"नहीं जी, वही हैं. रंगे हैं."

"कौनसा कलर है? हमारी गाड़ियों का तो महीने भर में उतर जाता है."

आणि बाबा बोलायला लागले... ऊन, सोडा, फडकं, इस्त्री. कुठला रंग का हरला, सगळं. मिल बंद झाल्यापासून मी त्यांना एका दमात एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. मॅनेजर घड्याळ न बघता ऐकत राहिला. मग बॅगेतून फॉर्म काढून म्हणाला, "चलो, तीन महीने देखते हैं."

घरातले फॉर्म मीच भरते. 'पूर्वानुभव' आलं की बाबा नेहमी सांगतात, तिथे रेघ मार. मिलचं नाव निघालं की लोक लगेच 'बिचारे' म्हणून कीव करतात, ते त्यांना नको असतं. मी सवयीने रेघ मारायला गेले... तर बाबा म्हणाले, "थांब. लिही. रंगखातं, बावीस वर्षं."

मॅनेजर म्हणाला, "अंकल, ये तो ड्राइवरी का फॉर्म है."

"मालूम है जी," बाबा म्हणाले. "लिखने दो उसको."

आजवर मी खूप फॉर्म भरले... कॉलेजचे, परीक्षांचे, नोकऱ्यांचे. इतक्या सुवाच्य अक्षरात कुठलाच भरला नसेल.