पुढं चालणारा माणूस

आमचे हे कायम माझ्यापुढं चालायचे. नवी नवरी म्हणून औंधला यमाईच्या डोंगरावर गेले, तेव्हा मी निऱ्या सावरत धापा टाकत होते आणि हे केव्हाच वर पोचले होते. फौजेतली चाल ती. मी वैतागून ओरडायची, "आवं, जरा थांबा की! बायको मागं हाय का दरीत पडली, बघा तरी." हे मागं न बघताच हसायचे. त्यांची रुंद पाठ बघत माझं निम्मं आयुष्य गेलं. पेन्शनीत आल्यावरही रोज पहाटे बूट घालून पाटाच्या रस्त्यानं पळून यायचे.

मग त्यांना कोरोना झाला. साताऱ्याच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर होते, मला आत सोडत नव्हते. घरी आले ते पार निम्मे होऊन. डॉक्टरांनी आम्हा दोघांना बजावून सांगितलं होतं, की फुप्फुसांत व्रण राहिलेत, मऊ असायची ती जागोजागी कडक झालीत. हृदयालाही सूज आहे, ती उतरेपर्यंत पळायचं नाही, जड उचलायचं नाही. मी मान डोलावली. यांनीही डोलावली. पण फौजी माणसाला दम लागला, की कारण एकच ठाऊक असतं, सराव सुटलाय. आणि त्यावर औषधही एकच.

एका सकाळी मी म्हशीची धार काढत होते, तेवढ्यात हे गुपचूप बूट घालून पळायला गेले. शेजाऱ्यानं जीपमधून परत आणलं तेव्हा ओठ निळे पडलेले, हात छातीवर. "सराव सुटलाय गं," एवढंच म्हणाले. मी रडले नाही, दवाखान्यापर्यंत भांडत गेले. हृदयाचं पंपिंग कमी झालंय, असं निघालं. पळण्यानं झालं की मूळच्या दुखण्यानं, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. तेव्हापासून गोळ्या चालू आहेत. लोक म्हणतात, जीव वाचला, नशीबवान आहेस. आहेच मी. पण ते बूट दाराशी दिसले, की मी त्यांच्यावरची धूळ पुसते.

यंदा यमाईला जायचं ठरलं. गाडी वर जाते, पण हे ऐकतात कुठले? "देवीला गाडीतनं जायाचं व्हय? मी चालतच येनार." पायऱ्या सुरू झाल्या आणि शेजारून त्यांचा श्वास ऐकू यायला लागला. मी चपलेचा पट्टा नीट करायला थांबायची, म्हणजे त्यांना उसंत मिळायची. पुन्हा थोडं चढायचं, पुन्हा पट्टा. शेवटी हे म्हणाले, "तुजी चप्पल लय तरास द्यायला लागलीया. टाकून दे." दोघंही हसलो. हसता हसता त्यांना ढास लागली आणि ते कठड्यावर बसले.

"तू हो म्होरं. नारळ घे. मी बसतो हितं."

इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांच्यापुढं गेले. समोर नुसत्या पायऱ्या होत्या, पाठ नव्हती. मला सारखं मागं वळून बघावं लागत होतं.

देवीपुढं नारळ ठेवला, हात जोडले. त्यांना आयुष्य दे, असं मागायचं ठरवून आले होते. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"आई, यांना परत माझ्यापुढं चालू दे. मी थांबा म्हननार न्हाई."