वहिनींची अट आणि चौतीस फुटी होडी

माझ्या थोरल्या चुलतभावाने सणसरला, उसाच्या बांधालगत, समुद्रात जाणारी शिडाची होडी बांधली. इथून समुद्र किती लांब, असं कुणी विचारलं की दादा त्याला चहा पाजायचा. उत्तर मात्र द्यायचा नाही. बोटींवर इंजिनं सांभाळून गावी परतलेला माणूस. नव्वदच्या दशकाची पहिली काही वर्षं तो रोज जेवताना सांगायचा, लक्षद्वीपला जाणार, एकटा. वहिनी रोज ‘न्हाय’ म्हणायच्या. दोघांचं जेवण झकास व्हायचं.

होडी मात्र थट्टेची नव्हती. चौतीस फूट, सगळी पोलादी. वेल्डिंग कळंबच्या, उसाच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या कारागिराचं. त्याचं एकच दुःख होतं: “तरंगायचं हाय, आन् बुडाला शिसं वतताय व्हय?” तळाखाली माशाच्या परासारखं जाड पातं होतं आणि त्यात जुन्या बॅटऱ्यांचं शिसं ओतलेलं. दादा दोन्ही हात पसरून समजावायचा: वारा डोलकाठी आडवी करतो, खालचं शिसं ती उभी करतं, लाटेनं पाडली तरी होडी आपली आपण उठते.

हे त्याने वहिनींनाही ऐकवलं आणि फसला.

“मग पाडून दावा,” वहिनी म्हणाल्या. “आपली आपण उठली तर जावा. न्हाय उठली तर हा विषय माझ्या घरात बंद.”

उजनी धरणाच्या फुगवट्याची एक अरुंद, खोल फाट निवडली. आमच्या काठावर माझा ट्रॅक्टर, त्याला डोलकाठीच्या टोकाचा दोर. त्याच टोकाचा दुसरा दोर समोरच्या काठावर सैल सोडलेला, असावा म्हणून. होडी रिकामी, झाकणं घट्ट. समोर वरकुट्याची माणसं तमाशाला बसावं तशी बसलेली.

मी ओढलं. डोलकाठीचं टोक पाण्याला लागलं. दादाने हात खाली केला, मी दोर सोडला.

आता आमच्याकडे रस्त्यात उसाची ट्रॉली कलंडली की हाकेच्या अंतरावरचा प्रत्येक जण हातचं काम टाकून दोर धरतो. ट्रॉली कुणाची, हे नंतर विचारायचं असतं.

“लई कलंडली रं! वडा!”

समोरचा काठ एकदम उठला. तीसेक माणसांनी दोर धरला आणि होडी झटक्यात ताठ झाली. दादा नाचायला लागला. पलीकडून एक पटकेवाले आबा ओरडले, “दादा, घाबरू नगा! आमी हाय!”

वहिनी माझ्याकडे वळल्या. “भावजी, ही उठली का उठवली?” मग दादाकडे बघून, “समिंदरात ह्यास्नी संगं नेणार व्हय?”

समोरचा दोर सोडवला. दुसऱ्या खेपेला वहिनी स्वतः होडीत शिरल्या.

“अगं, तू कशाला?”

“तुमी आत बसला तर बुडाली तरी उठली म्हणाल.”

दोन गाद्यांच्या मध्ये त्या बसल्या आणि झाकण आतून लावलं. मी ओढलं, पुन्हा टोक पाण्याला, पुन्हा दोर सोडला. समोर आबांना हात आवरेनात. त्यांनी स्वतःचाच पटका घट्ट धरला. आणि होडी, कुणी बोटही न लावता, म्हशीनं अंग झटकून उठावं तशी सावकाश उभी राहिली.

झाकण उघडलं. अंबाडा सुटलेल्या वहिनी बाहेर आल्या.

“उठती. जावा आता.”

मी दादाकडे बघितलं. बदलीचा हुकूम हातात पडल्यासारखा चेहरा! त्याने पाण्याकडे बघितलं, होडीकडे बघितलं, मग हळूच म्हणाला, “सुकाणू जरा हलकं वाटतंय.”

सुकाणूचं काम ते दशक संपेस्तोवर चाललं. लक्षद्वीपचं नाव आता रोज जेवताना वहिनी काढायच्या.

“मग, कवा निघताय?”

“सुकाणू तेवढं होऊ दे,” दादा ताटाकडे बघत म्हणायचा आणि भाकरी मागून घ्यायचा.