जावयाने विचारलेला वारा

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण हा किस्सा सांगून संपला की मला माझाच राग येतो. काय अक्कल पाजळली होती मी!

मी महाडला पॉलिटेक्निकमध्ये वीजयंत्रं शिकवतो. सासुरवाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला एका वाडीत. पाणी खाली झऱ्यावर, बायका हंडे घेऊन चढतात. म्हटलं, माथ्यावरचा वारा फुकट जातोय, छोटी पवनचक्की लावू, तिच्यावर पंप चालवू. अख्ख्या वाडीसमोर शब्द दिला हो!

आता वारा वाढला की जनरेटर जळायची भीती, म्हणून पाती वळवून वीज ताब्यात ठेवावी लागते. त्यासाठी मी फझी लॉजिक बसवलं. म्हणजे यंत्राला माणसासारखं शिकवायचं, हा वारा मंद, हा मध्यम, हा जोराचा. आणि ते ठरवायला तिथल्याच जाणत्या माणसांना विचारायचं.

वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र घेऊन मी माथ्यावर उभा. समोर सासरे आणि सगळी भावकी.

"हा वारा जोराचा म्हणायचा ना?"

"जोराचा? लय जोराचा!" सासरे म्हणाले. भावकीनं माना डोलावल्या.

दोरीवरचा टॉवेल जेमतेम हलत होता. मला काही कळायला नको? मी तेच यंत्रात भरलं.

चक्की सुरू करायच्या दिवशी सासूबाईंनी नारळ फोडला. बायकांनी हंडे पालथे घालून ठेवले. वारा असा सुटला की सासऱ्यांची टोपी दरीत! आणि पवनचक्की? ढिम्म! टॉवेल हलला की वादळ, असं शिकलेलं यंत्र ते. त्यानं पाती वाऱ्यापासून वळवूनच घेतली. पाण्याचा थेंब नाही.

"अहो, मग त्या दिवशी जोराचा कशाला म्हणालात?" मी ओरडलो.

सासरे खाली बघत म्हणाले, "जावयाला नाय कसं म्हनायचं?"

कपाळावर हात मारला मी. पण शहाणा झालो का? छे! "बरं, आता खरं सांगा. टोपी गेली तो वारा मध्यम ना?"

"मध्यमच तर!" सगळे एका सुरात.

आणि ते मी पुन्हा यंत्रात भरलं! पाती गरागरा फिरली, पंपानं एक उचकी दिली आणि जनरेटरमधून धूर निघाला. संपला खेळ.

बायकांनी गुपचूप हंडे उचलले आणि खाली निघाल्या. कुणी एक शिवी तरी द्यायची! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

दिवस कलला तशा सासूबाई धापा टाकत चढून आल्या. मी हंडा घ्यायला धावलो.

"र्‍हाऊ द्या, जावईबुवा. धुरानं काळं झालाव. तुमच्या आंघोळीलाच आनलंय."

आता सासूबाईंना नाही कसं म्हणायचं? बसलो न्हाणीत. अख्खा हंडा तापवलेला, पाणी निघालं कडकडीत. सवयीनं आतून ओरडलो, "जरा विसणाला गार पाणी द्या हो!"

"आनते हां," म्हणत सासूबाई कळशी घेऊन पुन्हा उताराला लागल्या. मी साबण लावून बसलो होतो.