ताईंनी निवडलेला पडदा

"आता तुमी सांगा मले," असं म्हणून ताई समोरच्याच्या हातात पेन द्यायच्या आणि खुर्चीत मागे रेलून बसायच्या. समोर रुग्णाचा नवरा असो, आई असो, नाहीतर गावचा सरपंच. धंतोलीतल्या आमच्या हृदयाच्या दवाखान्यात ऑपरेशनआधी नातेवाइकांना समजावून सांगण्याचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण लिहिलं तर दवाखान्यातलेच निम्मे लोक विचारतील, या कोण म्हणून.

दवाखान्यात एरवी काय होतं ते तुम्हीही पाहिलं असेल. डॉक्टर बोलतात, नातेवाईक मान डोलावतात आणि कागदावर सही होते. ताईंचा मान डोलावण्यावर काडीचा विश्वास नव्हता. आधी त्या प्लास्टिकचं हृदय हातात घेऊन सगळं सांगायच्या. मग समोरच्याने तेच ऑपरेशन कागदावर काढून ताईंना समजवायचं. पेन धरता येत नसेल त्याने टेबलावर बोटाने काढायचं. ते जमेपर्यंत सहीचा कागद ताईंच्या मांडीखाली असायचा. अक्षरशः मांडीखाली, त्या त्यावर बसायच्या.

एका निवृत्त हेडमास्तरांना याचा फार राग आला होता. आयुष्यभर दुसऱ्यांची परीक्षा घेतली, आता माझी घेता काय, म्हणाले. मग बसले बायपास काढायला आणि पायातून काढलेली नस त्यांनी हृदयाऐवजी थेट पोटाला जोडून दिली. ताई हसल्या नाहीत. "सर, अजून एकदा करू," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या वेळी सरांनी बरोबर काढलं आणि खाली रेघ मारून तारीखही टाकली.

मी त्याच दवाखान्यात खरेदीचं काम पाहतो. पहिल्या मजल्यावरच्या मीटिंगरूममध्ये टच स्क्रीन बसवायचं ठरलं आणि निवड माझ्याकडे आली. सकाळी तिथे डॉक्टरांची चर्चा असे आणि नंतर ताईंच्या भेटी. महिनाभर मी माहितीपत्रकं वाचत होतो. रिझोल्यूशन, ब्राइटनेस असले शब्द माझ्या तोंडी जेवतानाही येऊ लागले. शेवटी बायको म्हणाली, ते राहू द्या, भाजीत मीठ बरोबर आहे का तेवढं सांगा.

दोन पडदे उरले. एक पातळ, काचेसारखा गुळगुळीत, मोठ्या मोबाइलसारखा. डॉक्टर मंडळी पाहताक्षणीच त्याच्या प्रेमात पडली होती. दुसऱ्याला चारही बाजूंनी जाड काळी चौकट होती आणि तो जुन्या टीव्हीसारखा दिसायचा. मनातून मी पहिला पक्का केला होता. दोन्ही पडदे चालवून पाहण्यासाठी खोलीत आणून उभे केले, तेव्हा केवळ रीत म्हणून ताईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, माझी अकराची भेट इथेच घेते, मग सांगते.

अकराला भिवापूरकडची एक बाई आली. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीच्या हृदयाला जन्मापासून भोक होतं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलेलं होतं, आणखी थांबलं तर फुप्फुसं कायमची बिघडणार होती. नवरा 'तू म्हणशील तसं' म्हणून बाहेर बाकावर बसून राहिलेला. ही बाई मात्र दोन दिवस हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. लहानपणापासून तिने मिरचीचे देठ खुडले होते. तिच्या बोटांची कातडी पार वाळून घट्ट झाली होती.

ताईंनी सगळं सांगितलं आणि कागदाऐवजी पडद्यावर काढायला बाईला पहिल्यापुढे उभं केलं. तिने बोट टेकवलं, काहीच उमटलं नाही. पुन्हा टेकवलं. पडद्याच्या कंपनीचा माणूस पुढे झाला आणि हिंदीत शिकवू लागला, हलकेच लावा, बोट पुसून घ्या, थोडं ओलं करून पाहा. बिचारीने तीनदा पदराला बोट पुसलं. पडदा कोरा तो कोराच. शेवटी तिने हात पदरात ओढून घेतला.

"माहं बोट रेशनच्या मशीनवर बी नाही लागत," ती हळूच म्हणाली. "त्याहीलेच बोलवा आत." आणि नवऱ्याला आत धाडायला ती दाराकडे वळली.

ही बाई दाराबाहेर गेली असती तर पुन्हा तोंड उघडणार नव्हती. तिच्या पोरीचा निर्णय दुसऱ्याच कुणीतरी घेतला असता, आणि तिला बाहेर काढणारा पडदा मी निवडलेला होता. माझी मलाच लाज वाटली.

ताई उठल्या. "बाई, बोट तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मशीन नवं आहे, त्याले अजून कामाचे हात माहीत नाहीत." मनगट धरून त्यांनी तिला दुसऱ्या पडद्यापुढे नेलं. तिने भीत भीत बोट टेकवलं आणि लाल रेघ उमटली.

पुढे मला कारण कळलं. पहिल्या पडद्याला कातडीतला ओलावा लागायचा. दुसऱ्याच्या चौकटीतून न दिसणारा उजेड धावायचा, तो अडवणारं बोट कुणाचंही, कसलंही चालायचं. ताईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. ज्या हातांसाठी वस्तू घ्यायची ते हात आधी तिच्यावर ठेवून पाहायचे, एवढंच त्यांना ठाऊक होतं, आणि महिनाभरात मला नेमकं तेच सुचलं नव्हतं.

बाईने वांग्यासारखं हृदय काढलं. आत चार खोल्या केल्या, मधल्या भिंतीला भोक पाडलं. इकडचं रक्त तिकडे कसं जातं ते बोट फिरवून दाखवलं. मग ती ताईंकडे वळली.

"हे थांबवून तुमी ठिगळ लावसान," ती म्हणाली. "मंग तेवढा वेळ माही पोरगी कुठं राहीन?"

आमचे सर्जन पडदे पाहायला म्हणून दारात येऊन उभे होते. त्यांनी शेकडो हृदयं थांबवून पुन्हा चालू केली असतील, पण हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. त्यांनी ताईंकडे पाहिलं. सर्जनांनी हातातला मोबाइल खिशात टाकला, खुर्ची ओढली आणि बाईसमोर बसले. मुलगी गाढ झोपेत असेल, तिचं रक्त मशीन फिरवेल, आणि त्या मशीनपाशी एक माणूस सगळा वेळ बसलेला असेल, असं त्यांनी सावकाश सांगितलं.

"तो माणूस चहाले बी नाही उठत?"

"नाही उठत."

"मंग करा," बाई म्हणाली. ताईंनी खुर्चीवरचा सहीचा कागद उचलून तिच्यापुढे ठेवला. इतकी वर्षं मी या इमारतीत सुया, खाटा आणि मशिनं मोजून घेत होतो, आणि इथे खरं काय चालतं ते मला त्या दिवशी कळलं.

ऑपरेशन नीट झालं. पुढच्या वर्षी ती मुलगी तपासणीला आली तेव्हा आईला मागे टाकून जिना चढून आली. आम्ही जाड चौकटीचाच पडदा घेतला. डॉक्टर थोडे कुरकुरले. त्याला बोट काय अन् पदर काय, सगळं सारखंच, त्यामुळे ताई वळल्या की भलतीकडेच एक रेघ उठायची. मग त्या पदर खोचून उभ्या राहू लागल्या.

मागच्या थंडीत ताई गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. मनीषनगरच्या त्यांच्या घरासमोर इतकी अनोळखी माणसं उभी होती की कोण कुठल्या गावचं, ते घरच्यांनाही सांगता येईना.

गेल्या महिन्यात पडद्याची मेमरी भरली आणि जुनं काढून टाकायला मी एकटाच मीटिंगरूममध्ये बसलो. ताईंनी नातेवाइकांचं एकेक चित्र साठवून ठेवलं होतं. पहिलंच भिवापूरच्या त्या आईचं होतं. पुढे कळशीसारखी हृदयं, शंखासारखी हृदयं, एक तर चक्क बैलगाडीच्या चाकासारखं. कुणाची रेघ थरथरलेली, कुणी एकच नस चारदा पुसून काढलेली. एखादं तरी ताईंच्या हातचं सापडेल म्हणून मी शेवटपर्यंत पाहत गेलो. शेकडो चित्रं होती. त्यांतलं एकही ताईंनी काढलेलं नव्हतं.