तुटण्याआधीचा आवाज

भंडाऱ्याच्या ज्या लॅबमध्ये मी काम करतो, तिथे बांधकामाचं सामान तोडून पाहतात. मोठ्या भावाची तेरवी आटोपली आणि दुसऱ्याच दिवशी मी मशीनपाशी येऊन उभा राहिलो. वाईट वाटत होतं असंही नाही. काहीच वाटत नव्हतं. ताट समोर आलं की जेवायचो, एवढंच.

त्या दिवशी लाखनीकडच्या एका शाळेच्या पट्ट्या होत्या. शाळेच्या बीमना तडे गेले होते, म्हणून त्यांना खालून कार्बन फायबरचं काळं कापड रेझिननं चिकटवणं चालू होतं. त्याच कापडाचा नमुना करून त्याच्या बोटभर रुंद पट्ट्या आमच्याकडे धाडतात. आम्ही दोन्ही टोकं पकडीत धरून त्या तुटेपर्यंत ओढतो.

वहिनी बँकेच्या कामाला आल्या होत्या. गावी अड्याळला माझ्याच गाडीवर परतायचं, म्हणून मशीनच्या संरक्षक जाळीअलीकडे स्टुलावर बसून राहिल्या. भाऊ गेल्यापासून त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. सकाळी तो छातीत जळजळते म्हणाला, वहिनींनी ओव्याचं पाणी दिलं, आणि तो धानाच्या बांधीत गेला तो परत आलाच नाही. येणारा प्रत्येक पाहुणा त्यांना तेच विचारायचा, 'तुले काहीच समजलं नाही काय वं?' चहा आमचाच प्यायचे आणि वर हे. बधिर नसतो तर एकेकाला हाकलून दिलं असतं.

मशीन सुरू केलं. लोखंडी सळई आधी लांबते, मधे बारीक होते, मग तुटते. फायबरची पट्टी असलं काही दाखवत नाही. मुकाट्यानं ताण घेत जाते. आत कुठेतरी एखादं टिक् वाजतं, आणि मग धाडकन फाटून ती केरसुणीसारखी पिंजारते.

पहिली पट्टी तशीच फुटली आणि वहिनी दचकल्या. "भाऊजी, तुटाच्या आधी वाजलं होतं न?"

"वाजते. हरेक पट्टीत वाजते. पन कोनत्या आवाजानंतर तुटन, ते नाही समजत."

त्यांनी जाळीतून ती फाटलेली पट्टी न्याहाळली. मग म्हणाल्या, "अजून एक तोडा."

तोडायच्याच होत्या. दुसरी लावली. वहिनी उठून जाळीशी आल्या. टिक् झालं. "आता," त्या म्हणाल्या. नाही तुटली. पुन्हा टिक् झालं. "आता." तरी नाही. मग काहीच वाजेना. त्यांनी पदरानं चष्मा पुसायला घेतला आणि तेवढ्यात पट्टी फुटली.

"नाहीच समजत," त्या म्हणाल्या.

"वहिनी, मीबी ओव्याचंच पानी देल्लं असतं."

त्या मटकन खाली बसल्या आणि हंबरडा फोडून रडल्या. मी पंखा त्यांच्याकडे वळवला. मला तेव्हाही काही वाटत नव्हतं. तिसरी पट्टी पकडीत लावली, जाळी ओढली, पण बटण काही दाबवेना.