कॉकपिटमधली घडीची खुर्ची

आमचे मामा विमान कंपनीत आहेत म्हटलं की लोक आदरानं विचारत, "पायलट?" मामा छाती काढून सांगत, "छे! पायलट ज्याचं ऐकतो तो!" हे निम्मंच खरं होतं. मामा डिस्पॅचर. बिनखिडकीच्या खोलीत बसून हवामान बघायचं, विमानाची वाट आखायची, इंधन किती भरायचं ते ठरवायचं आणि सही ठोकायची. दुसरी सही कॅप्टनची. दोन्ही झाल्याशिवाय विमान हलत नाही. जन्मभर विमानं आकाशात धाडणाऱ्या या माणसाला माळ्यावरचा डबा काढताना शिडीवर घेरी यायची.

त्यांच्या नोकरीत एक मान होता. पायलटांच्या पाठीमागे एक घडीची खुर्ची असते, जंपसीट. विमान प्रवाशांनी भरलेलं असलं तरी डिस्पॅचरला तिच्यावर बसून फुकट जाता येतं. फक्त कॅप्टनची परवानगी हवी, विमानाला वजन झेपायला हवं आणि विमान वर चढताना, खाली उतरताना अवाक्षर काढायचं नाही. आई म्हणायची, "याला गप्प बसवणारी जगात एकच खुर्ची. एक घरी आणा रे!"

आई मामांची थोरली बहीण. आजी लवकर गेली, तेव्हा आईनंच त्यांना न्हाऊमाखू घातलं, शाळेत ओढत नेलं. त्यामुळे तिची शेवटची घटका आली तेव्हा मी पहिला फोन मामांना केला. ते दुसऱ्या शहरात सकाळपाळीवर होते.

"मामा, डॉक्टर म्हणतात, आज संध्याकाळ दिसणं कठीण."

"ताईला सांग, आलोच. आता सुटणारं विमान मीच काढतोय. जागा नाही, पण जंपसीट रिकामी आहे."

परवानगी मागायला जाताना टाय बांधायची रीत. मामांनी टाय बांधला आणि कागद पुरे करायला बसले. आमच्या गावावर दाट धुकं होतं. धुक्यात घिरट्या घालाव्या लागल्या, दुसरीकडे वळावं लागलं, तर पुरावं म्हणून त्यांनी जादा इंधन घातलं. वजनाचा काटा शेवटच्या रेघेला टेकला. मामांच्या स्वतःच्या देहाला जागा उरली नाही.

पुढचं आम्हाला कॅप्टननंच सांगितलं. मामांनी त्याचं नाव ठेवलं होतं 'तोफ'. इंधनावरून फोनवर मामांशी भांडण्यात त्याची वर्षं गेली होती. कागद घेऊन मामा समोर उभे राहिले.

"टाय? कुणाचं लग्न आहे?"

मामांनी सांगितलं. तोफ थंडावली.

"शंभर किलो इंधन कमी कर आणि बस मागे. धुकं विरतंय. मी सही करतो."

"तुझी होईल रे. माझी होत नाही."

"अरे, सख्खी बहीण ना तुझी?"

"मागं बसलेल्या प्रवाशांनाही तिकडे कुणीतरी न्यायला आलं असेल."

विमान गेलं. मामा टाय बांधूनच पुढच्या विमानाची वाट बघत राहिले.

मी आईला सांगितलं, मामा नंतरच्या विमानानं येताहेत. तिनं डोळे न उघडता ओठ हलवले, "येऊ दे. आधी लोकांना पोचवेल तो." मामांचं विमान उतरायच्या थोडं आधी ती गेली.

मामा आले तेव्हा टायची गाठ तशीच घट्ट होती. बाबांना राहवलं नाही. "ते जादा इंधन लागलं तरी का?"

"नाही भाऊजी. धुकं विरलं होतं. तोफ सरळ उतरली."

"मग?"

"बहुतेकदा लागत नाहीच. उद्या असंच धुकं असेल, तर उद्याही घालीन."

भिंतीला टेकवलेली घडीची खुर्ची बाबांनी उलगडली आणि आईच्या उशाशी ठेवली. मामा बसले. पाय जुळवून, हात मांडीवर, ताठ. आम्हाला वाटलं, आता ताईशी बोलतील. जन्मभर तिला ऐकवतच आले होते. पण तिला न्यायला माणसं येईपर्यंत मामांनी अवाक्षर काढलं नाही.