गाळा रिकामा नाही
मखमलाबादच्या फूलमळेवाल्या घरातली थोरली सून सुवर्णा एकदा नाही म्हणाली की नाहीच. गोष्ट दोन हजार सातची. नवरा ट्रकवर, घरचा कारभार दीर रविराजकडे, आणि पेठ रोडच्या घरच्याच गाळ्यात सुवर्णाचं लग्नपत्रिका करून द्यायचं दुकान. दुकान कसलं, एक जुना लॅपटॉप, एक प्रिंटर अन् तिची जीभ!

त्या वर्षी गिऱ्हाइकांच्या पेन ड्राइव्हमधून व्हायरस शिरला. सुवर्णानं सीडी घालून स्वतःच विंडोज नव्यानं टाकलं, अँटिव्हायरसही बसवला. मशीन कोरं झालं म्हणताच सासूबाई मालनबाई हळदकुंकू घेऊन हजर. "पहिली पत्रिका गणपतीला जाते ना? मंग मशीनबी देवाच्या नावानंच उघडलं पाहिजे." सुवर्णानं हौसेनं आरती लावली, लॅपटॉप सुरू केला की आपोआप वाजणारी. रविराजनं पंचांगाची सीडी चढवली, वर "असू द्या वहिनी" म्हणत दुसरा अँटिव्हायरसही. झालं! सगळं एकदम सुरू व्हायला बघायचं, अन् लॅपटॉप लवकर उठेचना. बॅटरी मेलेली, भारनियमन रोजचं. लाइट आली की दर वेळी पहिल्यापासून सुरुवात. आरती अडखळत वाजायची अन् गिऱ्हाईक समोरच्या दुकानात निघून जायचं.

रविराजला आयतंच फावलं. "गाळा मोबाइलवाल्याला देतो, वहिनी. तुम्ही घरी हार ओवा."

"हार ओवायची लाज नाही मला," सुवर्णा कडाडली. "पण गाळा सोडणार नाही. हात लावून तर बघा!"

जीव जळत होता तिचा. या घरात तिचं म्हणावं असं हे एवढंच होतं. दुपारी शटर अर्धं ओढून ती लॅपटॉपपुढे बसली आणि सुरू होताना त्यात काय काय आपोआप उठतं, त्याची यादी उघडून पाहिली. अख्खं घरच तिथं दाटीवाटीनं बसलेलं! दुसरा अँटिव्हायरस तिनं पार उपटून टाकला, पंचांग आपोआप उठू नये म्हणून त्याच्यापुढची बरोबरची खूण काढली. राहिली आरती. मालनबाई दारातच होत्या.

"देवाला काढती व्हय गं?"

"देवाला कोण काढतंय, आत्याबाई? आरती मी रोज हातानं लावीन. पण आधी माझं काम उघडणार. मग कुणालाही राग येवो." अन् आरतीपुढची खूण तिनं काढलीच. मालनबाई फणकाऱ्यानं खुर्चीत बसल्या.

तेवढ्यात रविराज मोबाइलवाल्याला घेऊन आला, गाळ्याचं माप घ्यायला. मागोमाग शेजारच्या मळ्यातला भिकन. त्याला लेकीच्या पत्रिकेत मामाचं नाव घालायचं होतं. नेमकी लाइट गेली, अन् भिकन जायला वळेपर्यंत आलीही.

"आता बसा वाट बघत," रविराज हसला.

सुवर्णानं बटण दाबलं. मोबाइलवाला एक भिंत मापून वळतो तोवर भिकनच्या लेकीची पत्रिका पडद्यावर आली होती.

"टेप गुंडाळा भाऊ," सुवर्णा म्हणाली. "गाळा रिकामा नाही."

रविराजनं आईकडे पाहिलं. मालनबाईंनी पदर सारखा केला अन् भिकनला म्हणाल्या, "बस रे. गणपतीपुढं ठेवायची पत्रिका हिच्याच हातची ने."